गुणाढ्याची पोथी आणि बाणाची कादंबरी

परवा एक जुना विद्यार्थी घरी येऊन गेला. एस.टी.तून निवृत्त झालाय, आता तोही आजोबा. नवीन घराच्या वास्तुशांतीचे आमंत्रण द्यायला आला होता. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि उठता उठता हसत म्हणाला, "सर, तुम्ही मला निबंधाला दहापैकी चार मार्क दिलते. आन् खाली लाल शाईनं लिवलंतं, भाषा रुक्ष."

ही १९७२ सालची गोष्ट. मी नोकरीला लागलो ते पहिलेच वर्ष. मीही हसलो आणि विषय बदलला. पण तो गेल्यावर काही केल्या ते दोन शब्द डोक्यातून जाईनात. त्या निबंधात काय होते ते मला चांगले आठवत होते. ते शेवटी सांगतो. आधी जरा लांबून यावे लागेल. मास्तर माणूस, त्याला मुद्द्यावर यायला वेळ लागतो, हे आमच्या घरच्या मंडळींना ठाऊक आहेच.

भाषा सुरेख पण गोष्ट लंगडी, किंवा गोष्ट दमदार पण भाषा ओबडधोबड. वाचणाऱ्याने यातले काय पत्करावे? हल्ली नात एखादे पुस्तक निम्म्यावर ठेवून म्हणते, "आजोबा, वाक्यं मस्त आहेत, पण काही घडतच नाही." मला वाटायचे, ही आजच्या घाईची तक्रार आहे. ती तशी नाही. आपल्याकडे हे भांडण फार जुने आहे, आणि त्याचा एक निकाल तर आपल्या तोंडात रोज असतो. तो म्हणजे 'कादंबरी' हा शब्द.

हिंदीत आणि बंगालीत उपन्यास म्हणतात, गुजरातीत नवलकथा. आपण मराठी माणसे आणि आपले कानडी शेजारी मात्र कादंबरी म्हणतो. कादंबरी हे एका मुलीचे नाव. सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या पदरी असलेल्या बाणभट्टाने लिहिलेल्या गद्यकाव्याची ती नायिका. एका पुस्तकाचे नाव आपण पुस्तकांच्या अख्ख्या जातीला देऊन टाकले. आणि पुस्तक निवडले ते कोणते? ज्याची भाषा पाहून लोक म्हणत की सगळे जग म्हणजे बाणाचे उष्टे, आणि ज्यात गोष्ट पुढे सरकायला पानेच्या पाने वाट पाहावी लागते, ते!

बी.ए.ला मराठीबरोबर संस्कृत होते, म्हणून कादंबरीतला शुकनासाचा उपदेश आम्हांला नेमलेला होता. राजपुत्र चंद्रापीडाला म्हातारा मंत्री तारुण्याचे आणि लक्ष्मीचे धोके सांगतो, तो भाग. आमचे प्राध्यापक एक समास सोडवायला फळ्याची एक बाजू घेत. वेबर नावाच्या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकात बाणाच्या गद्याला हिंदुस्थानातल्या रानाची उपमा दिली होती. झुडपे तोडल्याशिवाय पाऊल पुढे पडत नाही, आणि मध्येच अनोळखी शब्दांची श्वापदे अंगावर येतात, असा त्याचा रोख. प्राध्यापक हे सांगून म्हणायचे, "रान आहे खरं, पण चंदनाचं आहे." आम्ही माना डोलवायचो. माझी तर मान अजून डोलते.

पण बाणाने ही गोष्ट आणली कुठून? इथे आपले पैठण येते.

अभ्यासकांचे मत असे की कादंबरीच्या कथेचा मूळ सांगाडा गुणाढ्याच्या बृहत्कथेतला. गुणाढ्य हा प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाचा मंत्री, असे परंपरा सांगते. त्याची हकिकत अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागरा'च्या सुरुवातीला दिली आहे. ती इतिहास म्हणून नव्हे, दंतकथा म्हणूनच ऐकायची. पण वर्गात सांगितली की शेवटच्या बाकावरची मुलेसुद्धा गप्प होत.

सातवाहन राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. एक राणी दमून म्हणाली, 'मोदकैः' मारू नका. तिला म्हणायचे होते मा उदकैः, म्हणजे पाण्याने नको. राजाला संधी कुठला माहीत! त्याने मोदक मागवले. राणी हसली, दासी हसल्या. राजा अंथरूण धरून बसला. संस्कृत येईपर्यंत तोंड दाखवायचे नाही. गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षे लागतात, मी सहा वर्षांत शिकवतो. दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो, नाही जमले तर बारा वर्षे तुझ्या पादुका डोक्यावर वाहीन. गुणाढ्यही इरेला पेटला. तू शिकवलेस तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा, तिन्ही सोडतो. शर्ववर्म्याने सहा महिन्यांत शिकवले. (सोप्या व्याकरणाचे ते कातंत्र. शिक्षकांनी लक्षात ठेवावे असा हा शर्ववर्मा, त्याच्यावर पुन्हा कधीतरी.)

गुणाढ्याने शब्द पाळला. तिन्ही भाषा सोडून मुका होऊन विंध्याच्या रानात गेला. तिथे पिशाचांची भाषा तेवढी कानावर पडली, ती शिकला आणि त्याच भाषेत त्याने सात वर्षांत सात लाख श्लोकांची महाकथा लिहिली. रानात शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्ताने. शिष्यांनी पोथी राजाकडे नेली. आता राजाला संस्कृत येऊ लागले होते ना! त्याने पोथी परत पाठवली. तक्रारी काय, तर पोथी अवाढव्य, पैशाची भाषा नीरस, आणि अक्षरे रक्ताची.

गोष्ट कशी आहे, याबद्दल राजाने एक शब्द काढला नाही.

मग गुणाढ्याने एका टेकडीवर अग्निकुंड पेटवले. एक एक पान मोठ्याने वाचायचे आणि आगीत टाकायचे. रानातली जनावरे चरायचे सोडून भोवती जमली आणि ऐकता ऐकता रडू लागली. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, सुके मांस खाल्ल्याने. आचाऱ्यांनी व्याधांवर ढकलले. व्याध म्हणाले, टेकडीवर कोणी ब्राह्मण पाने वाचून जाळतोय आणि जनावरे खायचे विसरलीत. राजा धावला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. एक लाख उरले, नरवाहनदत्ताचे.

इतक्या वर्षांत ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेन, पण सांगताना दरवेळी मी गुणाढ्याच्या बाजूला उभा असे. राजाच्या बाजूलाही कधी उभा होतो, हे परवापर्यंत मनात आले नव्हते.

असो. पुढचे आणखी विचित्र आहे. उरलेली बृहत्कथासुद्धा आज आपल्याकडे नाही. बाणाला ती ठाऊक होती, हर्षचरिताच्या आरंभी त्याने तिचा गौरव केला आहे. दंडीनेही तिचा उल्लेख केला आहे. पण मूळ पैशाची ग्रंथ नाहीसा झाला. राहिले ते इतरांनी आपल्या भाषेत पुन्हा सांगितलेले. सोमदेवाचा कथासरित्सागर, क्षेमेंद्राची बृहत्कथामंजरी, बुधस्वामीचा श्लोकसंग्रह. बृहत्कथेतली गोष्ट जगली, पण दुसऱ्यांच्या तोंडून.

आता कादंबरीतली गोष्ट पाहा. शूद्रक राजाच्या दरबारात एक चांडाळकन्या पोपट घेऊन येते. पोपट आपली कहाणी सांगतो, त्यात जाबाली ऋषी त्याला त्याच्या मागच्या जन्माची कहाणी सांगतात, त्यात महाश्वेता आपली कहाणी सांगते. शेवटी कळते की ऐकणारा राजा शूद्रक हाच मागच्या जन्मीचा नायक चंद्रापीड. केवढी जबरदस्त कल्पना! स्वतःचीच गोष्ट परक्याची म्हणून ऐकत बसलेला माणूस. कथासरित्सागरात हीच गोष्ट सुमनस राजाच्या नावाने येते आणि थोडक्यात आटोपते. बाणाकडे तिच्यासाठी शेकडो पाने लागतात. म्हणजे कथानक मुळात दुबळे नव्हते. बाणाने त्याच्यावर इतके दागिने चढवले की त्याला चालवेना.

आणि ते पुरे झालेच नाही. पत्रलेखा चंद्रापीडाला कादंबरीची विरहावस्था सांगत असते, तिथे बाण थांबतो. तो वारला. पुढचा भाग त्याच्या मुलाने, भूषणभट्टाने लिहिला. तो सुरुवातीला सांगतो की वडिलांबरोबर कथेचा धागाही तुटला, सज्जनांना हळहळ वाटत होती म्हणून मी हे करतो, कवित्वाच्या गर्वाने नव्हे. मला हा मुलगा फार आवडतो. मुलाची भाषा बापाइतकी नाही असे पंडित सांगतात आणि ते खरेही आहे. पण त्याने लिहिले नसते तर राजा शूद्रक कोण हे कळले कसे असते? भाषेच्या जोरावर बाण अजरामर झाला हे कबूल. तरी लोकांना हळहळ वाटली ती पुढे काय झाले याचीच!

बाणावर एक अन्याय मात्र करू नये. शाल्मली वृक्षावर म्हातारा शबर चढतो आणि पोपटांची पिल्ले मुरगाळून खाली टाकतो, तो प्रसंग. पोपटाचा म्हातारा बाप पिल्लाला पंखाखाली झाकतो आणि मारला जातो. पिल्लू त्याच्या पोटाशी लपून वाळल्या पानांवर पडते म्हणून वाचते. हे वाचताना समास आठवत नाहीत. भाषा आणि गोष्ट तिथे वेगळी काढताच येत नाही.

मराठीत हे नाव आले त्याबरोबर हा रोगही आला. १८६१ची हळब्यांची 'मुक्तामाला', १८६८ची रिसबुडांची 'मंजुघोषा', यांत राजकन्या, योगायोग आणि अलंकार. रिसबुडांनी तर प्रस्तावनेत साफ सांगितले की आपल्या लोकांच्या चालीरीती आणि रोजचे जगणे इतके बेचव आहे की त्यावर मनोरंजक कादंबरी लिहिता येत नाही. त्याच सुमारास विष्णुशास्त्री चिपळूणकर 'शालापत्रका'त संस्कृत कवींवर लिहीत होते, त्या पाचांत बाणही होता आणि सुबंधूही. म्हणजे गद्याचा आदर्श म्हणून डोळ्यांसमोर तेच.

मग १८९० साली हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' काढले आणि त्यात 'पण लक्षात कोण घेतो?' येऊ लागले. सांगणारी यमू. माजघरातली भाषा. रिसबुडांना जे बेचव वाटले तेच तिथे. हरिभाऊंची ही कादंबरी बांधेसूद आहे असे मी म्हणणार नाही, पाल्हाळ पुष्कळ आहे. पण आमची आई, जी चौथीपर्यंत शिकली होती, ती हे पुस्तक वाचून दोन दिवस कोणाशी बोलली नव्हती. बाणाने तिला काय केले असते?

आणि मी? मी खांडेकरांचा. 'ययाति' १९५९ साली आली, मी कॉलेजात वाचली. १९७४ साली तिला ज्ञानपीठ मिळाले तेव्हा शाळेत पेढे मी वाटले होते. खांडेकर स्वतः शिरोड्याच्या शाळेत वर्षानुवर्षे शिक्षक होते, याचा आम्हा मास्तरांना केवढा अभिमान! माझ्याकडे दोनशे पानी वही होती, त्यात त्यांची वाक्ये उतरवलेली. रोज एक फळ्यावर लिहायचो. पात्रे एकसारखी बोलतात, गोष्ट उपमांच्या कुबड्या घेऊन चालते, ही टीका तेव्हाही होत असे. मला ती करणाऱ्यांचा राग यायचा. ती पूर्ण चूक होती असे आज म्हणवत नाही. पण ती वही मी टाकलेलीही नाही.

तर अशी वही बाळगणारा तेवीस वर्षांचा मास्तर सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागात लागला, आणि १९७२ साली, पाऊस पडलेला नसताना, त्याने नववीला निबंध दिला, 'पावसाळ्यातील एक दिवस'.

मुलांनी गाइडातून मोर आणि मृद्गंध उतरवले. मी आठ आठ मार्क दिले. या एका मुलाने लिहिले की यंदा पाऊस नाही, म्हणून दुसऱ्या दिवसाचे लिहितो. आई खडी फोडायला गेली होती. वैरण संपली होती. वडिलांनी दोन्ही बैल बाजारात नेऊन दिले. रात्री एक बैल तुटक्या दाव्यासह दारात येऊन उभा राहिला. कोणी काही बोलले नाही. आईने त्याला पाणी दाखवले. सकाळी वडील त्याला परत पोचवायला गेले, कारण पैसे घेतले होते. मग आम्ही सुकडी खाल्ली.

एवढेच. पानभरसुद्धा नव्हते. मी खाली लिहिले, 'विषयाला धरून नाही. भाषा रुक्ष. अलंकार नाहीत.' दहापैकी चार.

काल राहवले नाही, त्याला फोन लावला. म्हटले, "अरे, तुझा तो निबंध चांगला होता. मी चुकलो." पलीकडे जरा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "सर, मार्क ध्यानात हायेत. पण त्यात लिवलं काय हुतं, ते आता कायबी आठवत न्हाई. वही तवाच चुलीत गेली. तुम्हीच सांगा की."

मग मी त्याला त्याची गोष्ट सांगितली. बैल दारात येतो तिथपर्यंत आलो तसे लक्षात आले की मी त्यात चांदणे घातले आहे, आणि बैलाच्या डोळ्यांत पाणी. त्याने लिहिले होते ते हे नव्हे. मूळ वाक्य कसे होते ते आठवायचा खूप प्रयत्न केला, पण नाही आठवले. तो मात्र पलीकडे "हां... हां सर" करत ऐकत होता.

वास्तुशांत येत्या रविवारी आहे. जायचे ठरवले आहे.