खुर्दा

मी बत्तीस वर्षं बँकेत रोखपाल होतो. संध्याकाळी काउंटर बंद झाला की आधी नोटा जुळवायच्या, मग नाणी. नोटांची गड्डी कमी भरली तर अख्खी शाखा टेबलाखाली वाकायची. चिल्लर पाच-सात रुपयांनी कमी पडली तर साहेब म्हणायचे, "जाऊ द्या ना भाऊ, खिशातले टाका अन् घरी चला." मीही टाकायचो. ती चिल्लर गेली कुठं, हे कधी कुणी शोधलं नाही.

म्हणून पानिपताची बातमी आणणारी ती प्रसिद्ध चिठ्ठी मी रोखपालाच्या डोळ्यांनी वाचतो. १७६१ च्या जानेवारीत नानासाहेब पेशवे सदाशिवरावभाऊंच्या मदतीला उत्तरेकडे निघाले होते. आमचे नागपूरकर जानोजी भोसले फौजेसह त्यांच्यासोबत होते. वाटेत औरंगाबादच्या सावकारांकडे चाललेला एक कासीद सापडला. त्याच्याजवळच्या कागदात लढाईचं नाव नव्हतं, नुसता हिशेब होता. मोती दोन गेले, मोहरा सत्तावीस गेल्या, चांदी-तांब्याची तर मोजदादच नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार. चांदी-तांब्याचा हा खुर्दा म्हणजे उरलेले सगळे.

महालातल्या आमच्या गच्चीवर संक्रांतीला पतंग उडतात, आणि दरवर्षी कुणीतरी सांगतंच, "आजच पानिपत झालं होतं, म्हणून संक्रांत कोसळली म्हणतात." माझ्यातला हिशेबनीस गप्प बसत नाही. लढाई १४ जानेवारीची, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार, हे खरं. पण तेव्हा संक्रांत इंग्रजी तारखेनं तीन-चार दिवस आधी पडायची. तिळगूळ त्या आधीच वाटून झाला असणार, छावणीत तीळ आणि गूळ उरला असेल तर. कारण त्या छावणीत खायला काही उरलं नव्हतं, म्हणून तर भाऊंनी अब्दालीशी लढाई दिली.

त्या छावणीत नुसते लढवय्ये नव्हते. बायका होत्या, मुलं होती, काशी-प्रयाग पदरात पडेल म्हणून लष्कराबरोबर निघालेले यात्रेकरू होते, आणि बुणगे होते. लोहार, तेली, मोतद्दार, पाणके. आज आपण 'बाजारबुणगे' ही शिवी म्हणून वापरतो. पानिपतात मात्र यांचाच आकडा लढणाऱ्यांपेक्षा मोठा होता.

यातले सगळे मेले नाहीत. अब्दालीच्या बाजूच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी काशीराज नावाचा मराठी कारकून होता. लढाई त्यानं शत्रूच्या बाजूला उभं राहून पाहिली आणि पुढं फारसीत लिहून ठेवली. शुजाच्या गोटात शिरलेल्या काही हजार लोकांना पहारा देऊन वाचवलं आणि सूरजमल जाटाच्या हद्दीपर्यंत पोचतं केलं, असं तो सांगतो. बाकीच्यांचं नशीब वेगळं होतं. पकडलेल्या पुरुषांना दुसऱ्या दिवशी रांगेत उभं केलं, मूठभर भाजके दाणे आणि घोटभर पाणी दिलं आणि माना उडवल्या. बायका-मुलं गुलाम म्हणून हाकलत नेली. जुन्या इतिहासांत बावीस हजारांचा आकडा येतो. बावीस हजार हा गोळाबेरीज आकडा आहे हे कुठलाही रोखपाल सांगेल. मोजलेला आकडा सहसा असा शून्यांवर संपत नाही. परतीच्या वाटेवर पंजाबात शिखांनी अब्दालीच्या तांड्यावर छापे घालून कित्येक बायका सोडवल्याच्या हकिकती आहेत. ज्या सुटल्या नाहीत त्या सिंधूपार गेल्या.

हे सगळं इंग्रजीत सविस्तर मांडलं ते ग्रँट डफनं, १८२६ साली. हा साताऱ्याचा रेसिडेंट मुळात बॅन्फ गावचा, म्हणजे स्कॉटिश. मी शिकलो ते सिव्हिल लाइन्समधलं हिस्लॉप कॉलेजही एका स्कॉटिश पाद्र्याच्या नावाचं. स्टीफन हिस्लॉप हा डन्स गावचा. निवृत्तीनंतर रिकामा वेळ होता, म्हणून नकाशात डन्स शोधलं. तिथून जवळच, समुद्राकाठी, डनबार दिसलं, आणि त्या गावानं मला धरून ठेवलं.

३ सप्टेंबर १६५० ला डनबारला क्रॉमवेलनं स्कॉटिश सैन्याचा धुव्वा उडवला. हजारो कैदी उपाशीपोटी दक्षिणेला चालवत डरहॅमला नेले आणि तिथल्या कॅथेड्रलमध्ये कोंडले. हगवण आणि उपासमारीनं तिथं सुमारे १,७०० मेले. वाचलेल्यांपैकी दीडशे जण 'युनिटी' नावाच्या जहाजानं अमेरिकेत बोस्टनला पाठवले. तिथं त्यांचा भाव झाला, माणशी वीस ते तीस पौंड. साठेक जण लिन गावच्या लोखंडाच्या कारखान्यानं घेतले, काही मेनमधल्या लाकडाच्या गिरण्यांवर गेले. पुढच्याच वर्षी, त्याच तारखेला, वुस्टरची लढाई झाली आणि 'जॉन अँड सारा' जहाजानं आणखी पावणेतीनशे नेले.

पण त्या विक्रीला मुदत होती. सहा ते आठ वर्षं राबायचं, मग सुटका. आणि कागद होता. 'जॉन अँड सारा'ची यादी होती, कारखान्याच्या वहीत कुणाला कुठल्या कामाला लावलं ते टिपलेलं होतं. सुटलेल्यांनी जमिनी घेतल्या, लग्नं केली. मेनमधल्या यॉर्क गावी त्यांनी जिथं घरं बांधली त्या भागाला आजही 'स्कॉटलंड' म्हणतात. २०१३ मध्ये डरहॅमला इमारतीच्या कामासाठी खोदताना सांगाडे निघाले, तपासाअंती ते डनबारच्या कैद्यांचे ठरले. अमेरिकेतले वंशज जुन्या याद्या घेऊन आपलं नातं शोधू लागले. माल म्हणून का होईना, माणसाचं नाव कागदावर लिहिलं गेलं, म्हणून साडेतीनशे वर्षांनी कुणाला आपला खापरपणजोबा सापडतो. वही कुणाची का असेना, नोंद ती नोंद.

आमच्या बावीस हजारांची अशी वही नाही. मुदतही नव्हती. आईची गुलामी लेकीला, तिची तिच्या मुलांना.

एक धागा तेवढा राहिला. अब्दालीच्या बाजूनं कलातच्या नासीरखानाची बलुच फौज होती. तिला मोबदल्यात मराठे कैदी मिळाले, अशी बलुचिस्तानातली परंपरा सांगते. डेरा बुगटीच्या मुलखात, बुगटी टोळीत, 'मरहट्टा' नावाचा समाज आजही आहे. ते मुसलमान आहेत, बलुची बोलतात आणि पिढ्यान् पिढ्या टोळीच्या तळाशी राबत आले. त्यांची गुलामी सुटली ती थेट विसाव्या शतकात. त्यांचा प्रत्येक पूर्वज पानिपताचाच, हे मी छातीठोक सांगणार नाही, त्याला पावती लागते. पण नाव तेवढं उरलं. यॉर्कला ते वस्तीला उरलं, इथं माणसांना.

माझ्याकडे तांब्याचा एक जुना पैसा आहे, संडे मार्केटात घेतलेला. इतका झिजलाय की कुणाच्या टांकसाळीचा ते कळत नाही, उन्हात तिरका धरला तर एखादं अक्षर उमटतं. गेल्या संक्रांतीला गच्चीवर पुतण्यानं विचारलं, "काका, विश्वास पानिपतात गेला म्हणतात ते खरं काय?" मी म्हटलं, "विश्वासरावांचं सगळ्यांना ठाऊक आहे बाप्पा. ते मोत्यात मोजले गेले." आणि तो पैसा त्याच्या हातावर ठेवून म्हटलं, "हा वाच." तो बराच वेळ फिरवत राहिला. मग म्हणाला, "पुसलंय सगळं. एकच शब्द लागतोय कसाबसा."