कै. अवंतिकाबाई गोखले
(नभोवाणीवरील भाषण)



सांगलीहून मिरजेकडे जाऊ लागले म्हणजे वाटेत विश्रामबाग लागते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन कॉलेज १९१९ साली निघाले, ते याच परिसरात. सकाळच्या वेळी तेथे वर्गाकडे लगबगीने जाणाऱ्या मुली पाहिल्या, की मला हटकून एका स्त्रीची आठवण होते. तिचे घराणे इथून जवळच असलेल्या तासगावचे, जोश्यांचे. तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडत असे. १९४९ साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. या बाईंचा जन्म मात्र इंदुरास झाला, १७ सप्टेंबर १८८२ रोजी. शाळेतले शिक्षण म्हणाल तर नसल्यातच जमा. नवव्या वर्षी लग्न झाले, पती बबनराव गोखले शिक्षणासाठी विलायतेस गेले, आणि लिहिणे-वाचणे जे आले ते लग्नानंतर घरच्या घरी. पुढे त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले. त्या अवंतिकाबाई गोखले.

अवंतिकाबाईंचे नाव निघाले की आपल्याकडे एक ठरलेला शब्द पुढे येतो: 'समाजसेविका'. शब्द गौरवाचा आहे, खोटाही नाही. परंतु या शब्दाच्या पदराआड त्यांचे राजकारण पार झाकून गेले आहे, अशी माझी तक्रार आहे.

१९१३ साली इचलकरंजीच्या राणीसाहेबांबरोबर त्या इंग्लंडास जाऊन आल्या. त्यांच्या आयुष्यास खरे वळण लागले ते मात्र १९१७ साली, चंपारण्यात. निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध गांधीजींनी तेथे रयतेची चौकशी आरंभिली होती. नुसती दाद मिळवून भागणार नाही, खेड्यांत शाळा व स्वच्छता गेली पाहिजे, असे त्यांस वाटले आणि स्वयंसेवकांसाठी त्यांनी मुंबई-पुण्याकडे हाक घातली. बेळगावच्या गंगाधरराव देशपांड्यांनी सोमण व पुंडलीक यांस पाठविले, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन आल्या आणि मुंबईहून गोखले पतिपत्नी. नोव्हेंबर १९१७ मध्ये बरहरवा लखनसेन या गावी पहिली शाळा निघाली, ती या दांपत्याच्या हाती दिली गेली; मदतीस देवदास गांधी होते.

आता अडचण अशी, की बिहारातील मुलांना शिकवावयाचे कोणत्या भाषेत? गांधीजींनी बायकांची समजूत घातली, की व्याकरण आणि अंकगणित यांहून तुम्हांस स्वच्छता व चांगल्या सवयी शिकवावयाच्या आहेत. अक्षरओळखीपुरता तर हिंदी, मराठी व गुजराती यांत फारसा फरक नाही. पुढे आपल्या आत्मकथेत त्यांनी अवंतिकाबाईंची शाळा आदर्श ठरल्याचे नमूद केले, आणि अशा बायकांमुळेच आपणांस खेड्यांतील स्त्रीवर्गापर्यंत पोहोचता आले, अशी कबुलीही दिली. पुरुष पुढाऱ्यांना जे दार बंद होते, ते मराठी बोलणाऱ्या या बायकांनी उघडले. यास कोणी सेवा म्हणो. मी तर यास राजकारणाचा पायाच म्हणेन.

मुंबईस परतल्यावर १९१८ या एका वर्षात त्यांनी दोन गोष्टी केल्या. हिंद महिला समाज ही संस्था काढली, आणि मराठीत गांधीजींचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले. त्यास प्रस्तावना लोकमान्य टिळकांची होती. शाळेचे तोंड क्वचितच पाहिलेल्या बाईने पस्तिशीत ग्रंथ लिहावा आणि त्यावर टिळकांनी लेखणी चालवावी, हा योग लहान नव्हे.

येथे मताधिकाराचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे, कारण त्याच्याशिवाय पुढील पाऊल ध्यानात येणार नाही. १९१९ च्या कायद्याने प्रांतिक कौन्सिलांस एवढीच मुभा दिली, की वाटल्यास त्यांनी स्त्रियांस मत द्यावे. १९२१ साली मद्रासने, आणि त्याच वर्षी मुंबईने, ते दिले. अर्थात मिळकतीची अट पुरी करणाऱ्या मूठभर स्त्रियांसच. आणि गंमत अशी, की कौन्सिलात निवडून जाण्याचा हक्क त्यात नव्हता. तो १९२६ साली आला. म्हणजे पाच वर्षे आमची स्त्री मत देऊ शकत होती, पण घेऊ शकत नव्हती!

स्पेन देशात नेमके याच्या उलट घडले. १९३१ साली तेथे राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, तेव्हा नव्या सरकारने स्त्रियांस निवडून येण्याची परवानगी दिली, मत देण्याची नाही. पुरुषांच्या मतांवर ज्या स्त्रिया घटनासमितीत गेल्या, त्यांत क्लारा कांपोआमोर ही माद्रिदची वकील होती. शिवणकाम, दुकानातील नोकरी, तारखाते असे करीत करीत छत्तिसाव्या वर्षी कायद्याची पदवी घेतलेली ही बाई. तिच्याविरुद्ध बोलण्यास उभी राहिली तीही एक स्त्रीच, व्हिक्टोरिया केंट. केंटबाईंचे म्हणणे, की स्पॅनिश स्त्रिया धर्मोपदेशकांच्या मुठीत आहेत. आज मत दिले तर प्रजासत्ताकाचा घात होईल, म्हणून थांबावे. कांपोआमोरचे उत्तर, की हक्क हा सोयीचा प्रश्नच नाही. तिच्या स्वतःच्या पक्षातील बहुतेकांनीही तिची पाठ सोडली, तरी १ ऑक्टोबर १९३१ रोजी १६१ विरुद्ध १२१ मतांनी ती जिंकली. १९३३ साली स्त्रियांनी पहिल्यांदा मत दिले, उजवे पक्ष वर आले, आणि सारे खापर तिच्या डोक्यावर फुटले. डाव्या पक्षांची आपसांतील फूट सोयीस्करपणे विसरली गेली. तिची स्वतःची जागाही गेली. १९३६ साली ती परागंदा झाली आणि १९७२ साली परमुलुखात, लोझान येथे वारली.

आमच्याकडे असा उघड वाद सहसा रंगला नाही. आमच्या स्त्रीस सभागृहाचे दार उघडले ते 'ती उपयोगी पडेल' या समजुतीने. १९२३ साली मुंबई नगरपालिकेत पहिल्या चार स्त्री-सभासद आल्या: सरोजिनी नायडू, बच्चुबाई लोटवाला, हॉजकिन्सनबाई आणि अवंतिकाबाई. नळ, गटारे, सूतिकागृहे, प्राथमिक शाळा हे तर बायकांचेच विषय, त्यात त्यांनी लक्ष घातले तर बिघडले काय, असा पुरुषांचा उदार हिशेब असावा. अवंतिकाबाईंनी हा हिशेब मुकाट्याने मान्य केला आणि जागा घेतली. परिचारिकेचे शिक्षण झालेल्या बाईस बाळंतिणीची कोंदट खोली म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावे लागत नव्हते. कांपोआमोर म्हणाली, आम्ही उपयोगी असू वा नसू, हक्क आमचा आहे. अवंतिकाबाईंनी मार्ग धरला तो आधी कामास लागण्याचा. दुसरा मार्ग शहाणपणाचा खरा. पण त्याची किंमत अशी, की माणूस सेवक म्हणून लोकांच्या ध्यानात राहतो आणि त्याचा हक्क उपकारासारखा दिसू लागतो. मला स्वतःला, विचारालच तर, स्पेनच्या त्या एकाकी बाईचे बोलणे अधिक पटते, आणि अवंतिकाबाईंचे वागणे अधिक.

कारण वेळ आली तेव्हा त्या केवळ सेविका राहिल्या नाहीत. १९३० च्या दांडीयात्रेत गांधीजींनी स्त्रियांस घेतले नव्हते, हे आपणांस ठाऊक आहे. परंतु एप्रिल महिन्यात मुंबईत मिठाचा कायदा मोडण्यास जी पहिली तुकडी निघाली, तीत दोन स्त्रिया होत्या. एक कमलादेवी चट्टोपाध्याय, ज्या १९२६ साली मद्रास कौन्सिलासाठी उभ्या राहून थोडक्यात पडल्या होत्या. आणि दुसऱ्या अवंतिकाबाई, वय सत्तेचाळीस. त्याच वर्षी पुढे त्यांस कारावासही घडला. आणि ही कारागृहातून आलेली बाई गांधीजींच्या वाढदिवसास स्वतः काढलेल्या सुताचे धोतर त्यांस भेट म्हणून धाडीत असे!

१९३५ च्या कायद्याने मतदार स्त्रियांची संख्या वाढविली, पण त्यातही एक मेख होती: मिळकतदार मतदाराची पत्नी, ही एक पात्रता धरली गेली. सरसकट सर्व प्रौढांस मत, हे तत्त्व स्वतंत्र भारताच्या घटनेत आले. घटना मंजूर झाली २६ नोव्हेंबर १९४९ रोजी. अवंतिकाबाई त्याच्या बरोबर आठ महिने आधी, २६ मार्च १९४९ रोजी, निवर्तल्या होत्या.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ च्या हिवाळ्यात झाली. मतदारांच्या याद्या करणारे नोकर दारोदार फिरले, तेव्हा असंख्य बायकांनी आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच सांगितले. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असली नोंद ग्राह्य धरण्याचे नाकारले, आणि सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या. ज्या प्रांतांत हे विशेष घडले त्यांत बिहार होता; बरहरवा लखनसेनच्या त्या शाळेत १९१७ साली अक्षरे गिरविणाऱ्या मुली तोवर चाळिशीच्या घरात आल्या असतील.