सुवर्णकण आणि मासाताके हारुता

आपल्या सुवर्णकार ज्ञातीतील जुन्या पिढीला झारेकरी कोण हे सांगावे लागत नाही. दुकानातील केर, शेगडीची राख, फुटक्या मुशींचे तुकडे तो घेऊन जाई आणि ते धुऊन त्यातून सोने काढी. डोळ्यांना न दिसणारे सोनेही सोनेच, हे आपल्या वाडवडिलांस पक्के ठाऊक होते. परंतु कण पुरेसा लहान झाला म्हणजे सोन्याचा स्वभावच पालटतो, ही गोष्ट मात्र कोणा सोनाराने नव्हे, तर जपानमधील एका रसायनशास्त्रज्ञाने जगाच्या गळी उतरविली. त्या मासाताके हारुता ह्यांच्या संशोधनाची हकीकत ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

सोने गंजत नाही, काळवंडत नाही, एकट्या नत्राम्लाला दाद देत नाही. त्याला विरघळविण्यास अम्लराजच हवा. आपला धंदा ह्या गुणावरच उभा राहिला. रसायनशास्त्रज्ञांना मात्र हाच गुण दोष वाटे. स्वतः न संपता रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक. प्लॅटिनम, पॅलेडियम, निकेल ह्यांची त्या कामी ख्याती होती. कोणत्याही वायूला जवळ न करणारे सोने तेथे काय कामाचे? मायकेल फॅरडे ह्यांनी 1857 मध्ये लंडनला सोन्याचे माणकासारखे लाल द्रावण करून दाखविले होते, आणि सूक्ष्म झालेले सोने रंग बदलते हे तेव्हापासून माहीत होते. पण रंग बदलणे निराळे आणि काम करणे निराळे.

हारुता ह्यांचा जन्म 1947 चा. 1976 मध्ये ते ओसाका येथील सरकारी औद्योगिक संशोधन संस्थेत रुजू झाले. निरनिराळ्या धातूंची भस्मे, म्हणजे ऑक्साइडे, एकत्र करून थंड अवस्थेतही ज्वलन घडवून आणणारा उत्प्रेरक मिळतो काय, ह्याचा शोध ते घेत होते. त्या ओघात 1982 मध्ये त्यांनी सोने हाती घेतले. कृती ऐकण्यास सोपी आहे. अम्लराजात विरघळविलेल्या सोन्याचा क्षार आणि लोखंडाचा किंवा कोबाल्टचा क्षार एकत्र करावयाचा, त्यांत सोडा मिसळून दोहोंचा साका एकदमच खाली बसवावयाचा, तो धुऊन वाळवून सुमारे 400 अंशांवर भाजावयाचा. सोन्याचेही संयुक्त ऑक्साइड तयार व्हावे अशी अपेक्षा होती. झाले भलतेच. सोने सोनेच राहिले. मात्र लोहभस्माच्या अंगावर ते पाच अब्जांश मीटर किंवा त्याहूनही लहान कणांच्या रूपाने विखुरले गेले. आणि ह्या भुकटीवर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू शून्याखाली 70 अंश इतक्या थंडीतही प्राणवायूशी संयोग पावू लागला! त्या तपमानात प्लॅटिनमही स्वस्थ बसते.

हा निष्कर्ष तीन सहकाऱ्यांसह 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. शोध आणि प्रसिद्धी ह्यांत पाच वर्षांचे अंतर आहे, हे येथे मुद्दाम नमूद करतो. एका संस्थेत बसून, एकच गोष्ट पुनःपुन्हा करून पाहण्याची ती वर्षे होत.

असे का व्हावे? थोडा हिशेब करू. एक ग्रॅम सोन्याचा ठोकळा केला तर त्याचा सर्व बाजूंचा पृष्ठभाग एक चौरस सेंटिमीटरही भरत नाही. त्याच ग्रॅमचे पाच अब्जांश मीटर व्यासाचे गोळे केले, तर पृष्ठभाग 60 चौरस मीटरांहून अधिक, म्हणजे एखाद्या बेताच्या बिऱ्हाडाच्या जमिनीएवढा होतो. पण केवळ क्षेत्रफळाने कोडे सुटत नाही. हारुता ह्यांचे म्हणणे असे की, खरे काम कणाच्या काठावर, जेथे सोने आणि त्याखालचे भस्म एकमेकांस भिडतात तेथे चालते. विषारी वायू सोन्यावर टेकतो आणि प्राणवायू त्या सीमारेषेवर जागा होतो. म्हणून कण नुसता लहान असून भागत नाही, तो पायाला घट्ट चिकटलेला असावा लागतो. जुन्या रीतीने सोन्याचा क्षार नुसता शोषवून तापविला, की मागे राहिलेल्या क्लोरीनमुळे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि सोने पुन्हा आपले जुने मौन धरते. सोने निरुपयोगी, हा समज इतकी वर्षे टिकला तो पुष्कळसा ह्या एका चुकीने. आपल्याकडे डाग नीट बसला नाही तर दोष सोन्याला देत नाहीत, हे सहज आठवले.

सत्याला धरून सांगावयाचे तर ह्या वाटेवर हारुता एकटे नव्हते. इंग्लंडमध्ये जेफ्री बाँड ह्यांनी 1973 मध्येच सूक्ष्म सोन्यावर हायड्रोजनची क्रिया घडवून दाखविली होती. आणि ॲसेटिलीनपासून प्लॅस्टिकचा कच्चा माल करताना पाऱ्याच्या क्षाराऐवजी सोने चालेल, हे ग्रॅहॅम हचिंग्ज ह्यांनी 1985 मध्ये सांगितले. 2012 मध्ये नोबेल पारितोषिकास योग्य अशा संशोधकांच्या एका प्रसिद्ध यादीत हारुता आणि हचिंग्ज ह्यांची नावे जोडीने आली.

पहिला व्यावहारिक उपयोग कोठे झाला, हे ऐकून घरातील वडीलधाऱ्या बायका कपाळाला हात लावतील. आपण पायांतही सोने घालीत नाही. जपान्यांनी 1992 मध्ये ते शौचकूपातील दुर्गंधी घालविण्यास लावले! आणखी एक विशेष असा की, पहिल्या महायुद्धाच्या काळापासून विषारी वायूविरुद्ध वापरले जाणारे मिश्रण दमट हवेत नादुरुस्त होते, तर हारुता ह्यांच्या सुवर्णकणांना थोडा ओलावा उलट मानवतो.

1998 मध्ये हारुता आणि त्यांचे सहकारी ह्यांनी टायटॅनियमच्या भस्मावर सोने बसवून प्रोपिलीन, हायड्रोजन आणि प्राणवायू हे तिन्ही वायू त्यावरून सोडले. कण दोन अब्जांश मीटरांहून मोठे असता प्लॅस्टिकच्या धंद्यास हवे असलेले प्रोपिलीन ऑक्साइड मिळाले. त्याहून लहान होताच नुसता प्रोपेन. सोने तेच, पायाही तोच.