कुंचल्याची मालकी

दिवाळी हा आपला सण नसला, तरी दिवाळी अंक आपलाच आहे. गिरगावातील खोताच्या वाडीपासून वसईच्या वाड्यांपर्यंत आपल्या अनेक कुटुंबांत तो येत आला. कोठे विकत, कोठे वाचनालयातून, तर कोठे शेजारच्या बिऱ्हाडातून फराळाच्या ताटासोबत. काही घरांत अंक उंबऱ्याच्या आत येताच त्याला प्रथम तपकिरी कागदाचे वेष्टण चढे, कारण मुखपृष्ठावरील सुंदरीच्या पदराविषयी वडीलधाऱ्यांचे मत फारसे अनुकूल नसे. परंतु त्या सुंदरीच्या पायाशी, एका कोपऱ्यात, एक छोटीशी सही असे आणि ती घरातील मुलांना पाठ असे. ‘दलाल’ किंवा ‘मुळगावकर’. आतील कथा कोणी लिहिली हे पुष्कळदा विसरले जाई. मुखपृष्ठ कोणाचे, हे सहसा विसरले जात नसे.

ह्या सह्या करणारी माणसे कोणाच्या पगारावर जगत नव्हती. महिन्याच्या एक तारखेची त्यांना शाश्वती नव्हती, निवृत्तिवेतनाची तर नव्हतीच. एकेक चित्र रंगवावे, पोहोचते करावे आणि त्याच्या मोबदल्यावर संसार चालवावा, असा त्यांचा व्यवसाय होता. त्यांच्या कलेविषयी बरेच लिहिले गेले आहे. येथे आम्ही त्यांच्या व्यवहाराकडे पाहणार आहोत, कारण त्या व्यवहाराच्या तळाशी एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. सांगितल्याबरहुकूम काढलेले चित्र, पैसे चुकते झाल्यानंतर, कोणाचे?

हा प्रश्न गिरगावात १८९४ सालीच उभा राहिला होता. राजा रविवर्मा यांनी त्या वर्षी गिरगावात शिळाछापाचा कारखाना काढला, जर्मनीहून यंत्रे आणि तंत्रज्ञ आणविले आणि आपल्या तैलचित्रांच्या रंगीत प्रती सामान्य माणसाच्या भिंतीपर्यंत पोहोचविल्या. चित्रकाराने स्वतःच आपल्या चित्राचा मुद्रक व्हावे, ही कल्पना त्या काळी धाडसाची होती. ती व्यापारी दृष्ट्या मात्र टिकली नाही. कारखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तो, चित्रे छापण्याच्या हक्कासह, फ्रिट्झ श्लायशर ह्या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर पोहोचल्या. त्यांच्या निर्मात्याचा त्यांवरील हक्क मात्र विकला गेला.

रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी वेगळा मार्ग धरला. ते १८९० साली विद्यार्थी म्हणून सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले, १८९६ पासून तेथेच शिकवू लागले आणि पुढे त्या संस्थेच्या संचालकपदापर्यंत चढलेले पहिले भारतीय ठरले. पुस्तकांतील चित्रे ते नोकरी सांभाळून काढीत. मुंबईचे पोलीस कमिशनर एस. एम. एडवर्ड्‌स यांचे ‘बायवेज ऑफ बॉम्बे’ (१९१२), किंकेड यांचे ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ (१९१४) आणि रॉथफेल्ड यांचे ‘विमेन ऑफ इंडिया’ (१९२०) ही त्यांच्या चित्रांनी सजलेली पुस्तके आजही संग्राहक शोधीत असतात. ह्यांतील लेखक सारे साहेब आणि चित्रकार एकटा कोल्हापूरचा मराठी माणूस! आपल्या आत्मवृत्ताला त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे नाव दिले, ह्यातच त्यांच्या जीवनाचा आधार कोणता होता ते दिसते. डोक्यावर संस्थेचे छप्पर होते, म्हणून कोणते काम घ्यावे हे त्यांना निश्चिंतपणे ठरविता आले.

छप्पर नसणाऱ्याचे काय? त्याच्यासाठी बाजारपेठ तयार झाली ती मासिकांमुळे. काशिनाथ रघुनाथ मित्र हे मूळचे आजगावकर. बंगाली साहित्याच्या ओढीने त्यांनी ‘मित्र’ हे आडनाव घेतले. त्यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली दिवाळीचा खास अंक काढला आणि मराठीत एक नवा हंगाम सुरू झाला. शेतकऱ्याला जसा खरीप, तसा चित्रकाराला दिवाळी अंक. फरक इतकाच की शेतकरी पावसाची वाट पाहतो आणि चित्रकाराला पाऊस नकोसा होतो. कारण अंक अश्विनात निघावयाचा तर चित्रे श्रावण-भाद्रपदात व्हावयास हवीत, आणि त्या दिवसांत मुंबईच्या दमट हवेत कागद सर्द होतो, जलरंग वेळेवर वाळत नाही. लेखक कथा उशिरा देतात, संपादक ती आणखी उशिरा धाडतात, आणि ह्या साऱ्या विलंबाची भरपाई शेवटच्या माणसाने, म्हणजे चित्रकाराने, रात्री जागून करावयाची असते. दिवाळी संपली की नववर्षाची कॅलेंडरे, त्यानंतर शाळा उघडण्यापूर्वीची बालपुस्तके, आणि मधल्या रिकाम्या महिन्यांत जे मिळेल ते.

कामाची रीत सांगितल्यावाचून ह्या व्यवसायाचे दुखणे कळणार नाही. हस्तलिखित हाती आले की चित्रकार ते वाचून एक प्रसंग निवडी. हा प्रसंग असा हवा की तो वाचकाला कथेत ओढील, पण कथेचा शेवट फोडणार नाही. मग पेन्सिलीचा कच्चा आराखडा, त्यावर निबेने व कुंचल्याने काळी शाई. चित्र छापावयाच्या आकारापेक्षा मोठे काढीत, म्हणजे लहान करताना हाताची थरथर झाकली जाते. नंतर ते ब्लॉक करणाऱ्याकडे जाई. केवळ रेषांचे चित्र असेल तर जस्ताच्या पत्र्यावर लाइन ब्लॉक होई. छायाप्रकाश असेल तर जाळीतून ठिपके पाडून हाफटोन करावा लागे, आणि कागद खरबरीत असेल तर ती जाळीही मोठी ठेवावी लागे, नाहीतर नायिकेचा चेहरा काजळून निघे. रंगीत मुखपृष्ठासाठी प्रत्येक रंगाचा निराळा ब्लॉक. ते छापताना एकमेकांवर तंतोतंत बसले नाहीत, तर ओठांची लाली हनुवटीवर उतरलेली दिसे. ह्यात चूक यंत्राची असली, तरी वाचकाच्या लेखी दोष सहीवाल्याचाच.

ब्लॉकचा आकार चौरस इंचांत मोजून त्याचे पैसे होत. चित्रकाराला चित्रामागे ठरेल ते मिळे. आणि एकदा ब्लॉक तयार झाला की तो प्रकाशकाच्या कपाटात जाई. तोच ब्लॉक उद्या दुसऱ्या पुस्तकात, परवा तिसऱ्या जाहिरातीत वापरला जाऊ शके. मूळ चित्र ब्लॉकवाल्याकडे किंवा छापखान्यात पडून राही, त्यावर कोणी चहाचा पेला ठेवी, आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीबरोबर जाई. मालकी कोणाची हा वाद कायद्याच्या पुस्तकात होता. प्रत्यक्षात ती जस्ताच्या पत्र्यात आणि तो ज्याच्या कपाटात, त्याच्यापाशी होती.

ह्या पार्श्वभूमीवर दीनानाथ दलाल यांचे पाऊल किती मोलाचे होते ते ध्यानात येते. १९१६ साली गोव्यात जन्मलेले दलाल मुंबईस आले, जे. जे.मध्ये शिकले आणि केनेडी पुलाजवळ ‘दलाल आर्ट स्टुडिओ’ थाटून मराठी पुस्तकांची मुखपृष्ठे काढू लागले. त्यांची रेषा आम्हांस सर्वांत प्रिय आहे. दोन-तीन वळणांत ते मान, खांदा आणि मनातील संकोच सारेच सांगून टाकीत. रंग सपाट ठेवीत, पण शेजारी शेजारी असे मांडीत की ते आपोआप बोलू लागत. जुन्या भारतीय लघुचित्रांची शिस्त आणि पश्चिमेकडील नवी मांडणी ह्यांचा त्यांनी केलेला मेळ मराठी मुखपृष्ठावर पूर्वी फारसा दिसत नसे. त्यांनी १९४५ साली ‘दीपावली’ हा स्वतःचा वार्षिक अंक सुरू केला. म्हणजे ज्या हंगामावर इतर चित्रकार मजुरी करीत, त्या हंगामाचे शेतच त्यांनी आपल्या नावावर करून घेतले. कोणते चित्र पूर्ण पान घेईल, कोणते रंगीत होईल, कोणत्या कागदावर छापले जाईल, हे सांगणारा आता ते स्वतःच होते. अंकात नामवंत लेखकांचे साहित्य असे. तरीही पुष्कळ वाचक तो प्रथम चित्रांसाठी उघडीत. दलाल १५ जानेवारी १९७१ रोजी वारले, वयाच्या अवघ्या चोपन्नाव्या वर्षी. अंक त्यांच्यामागेही निघत राहिला.

रघुवीर मुळगावकर हेही गोव्याचेच, दलालांहून दोन वर्षांनी लहान. त्यांचा प्रकार अगदी निराळा. एअरब्रशच्या सूक्ष्म फवाऱ्याने ते त्वचेला अशी तुकतुकी आणीत की कागदावर हात फिरवावासा वाटे. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड वाचकांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले ते मुळगावकरांच्या मुखपृष्ठांनी, आणि त्यांचे देवदेवता कॅलेंडरांवरून परळ-लालबागच्या चाळींत गिरणी कामगारांच्या खोल्यांत पोहोचले. रसिकांत त्यांना दलालांच्या खालची पायरी देण्याची रीत होती. आम्हांस ती सर्वस्वी न्याय्य वाटत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत वर्षभर भिंतीवर टिकणारे, दिव्याच्या धुरात आणि उदबत्तीत न कंटाळवाणे होणारे चित्र काढणे ही सोपी गोष्ट नव्हे. आपल्या घरांतील पवित्र हृदयाच्या तसबिरीचेच पाहा ना! तिच्यासमोर पिढ्यान्‌पिढ्या तेरेजाची प्रार्थना झाली, पण ती रंगविणाऱ्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मुळगावकरांनी कॅलेंडरावरही सही सोडली नाही. आणि त्यांनीही पुढे ‘रत्नप्रभा’ हा स्वतःचा दिवाळी अंक काढला. ह्या शहरातील दोन अग्रगण्य मुखपृष्ठकारांनी प्रकाशक व्हावे, हा योगायोग आम्ही मानीत नाही. मुळगावकर १९७६ साली निवर्तले.

सर्वांना हे साधणे शक्य नव्हते, आणि सर्वांना ते हवेही नव्हते. वसंत सरवटे (१९२७–२०१६) हे पेशाने स्थापत्य अभियंते. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ला त्यांनी दिलेली चित्रे इतकी त्या पुस्तकाची होऊन गेली की चाळीतील माणसे आपण त्यांच्याच रेषेत पाहतो. गिरगावच्या मॅजेस्टिक बुक स्टॉलचे केशवराव कोठावळे यांनी १९६४ साली ‘ललित’ मासिक काढले. त्यात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ ह्या नावाने लिहीत, आणि त्या ठणठणपाळाला चेहरा दिला सरवटे यांनी. चरितार्थ दुसरीकडून होत असल्यामुळे त्यांना न पटणारे काम नाकारता येई. धुरंधरांचाच मार्ग हा, फक्त छप्पर बदललेले.

आणि आपले मारिओ मिरांडा? सेंट झेवियर्स महाविद्यालयातून इतिहासाची पदवी घेतलेला हा लोटलीचा तरुण आधी चार वर्षे जाहिरात संस्थेच्या स्टुडिओत राबला, मग पूर्णपणे रेषेवर जगू लागला. मिस निंबुपाणी आणि मिस फोन्सेका ह्या त्याच्या मानसकन्या. आपल्या कित्येक बहिणी त्या काळी फोर्टातील कचेऱ्यांत टंकलेखन करीत होत्या. त्यांना मिस फोन्सेका कितपत रुचली असेल ह्याची आम्हांस शंका आहे, परंतु कुलाब्याच्या कॅफे माँडेगारच्या भिंतींवरील त्यांची गर्दी पाहून हसू आवरत नाही हेही खरे. वृत्तपत्रांत आणि नियतकालिकांत विखुरलेले त्यांचे काम वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांनी २००८ साली एका मोठ्या ग्रंथात एकत्र आणले. तेव्हा मारिओ हयात होते. हे भाग्य दलाल-मुळगावकरांच्या वाट्याला आले नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या सतराव्या कलमानुसार, मोबदला देऊन कोणी रंगचित्र, व्यक्तिचित्र किंवा उत्कीर्ण चित्र करवून घेतले असेल, तर उलट करार नसल्यास त्याचा पहिला हक्कदार ते करवून घेणाराच. मात्र ह्या यादीत साध्या रेखाचित्राचा उल्लेख नाही. म्हणजे अक्षरशः वाचले तर रंगीत मुखपृष्ठ प्रकाशकाचे होते, आणि आतील पानांवरची शाईची रेषा, लेखी हस्तांतर झालेले नसेल तर, चित्रकाराची राहते. ज्या चित्राला अधिक पैसे, तेच हातचे जाते! कोणते काम करार करून करावे आणि कोणते बिनघोर द्यावे, ह्याचा इतका उपयुक्त धडा असूनही, कुंचला धरणाऱ्या किती जणांनी हे कलम वाचले असेल कोण जाणे. सत्तावन्नाव्या कलमाने मात्र एक गोष्ट चित्रकाराजवळ कायम ठेवली आहे. हक्क विकल्यावरही, चित्र आपले आहे असे म्हणण्याचा आणि त्याची विटंबना झाल्यास दाद मागण्याचा अधिकार त्याचाच असतो. सही खोडून चित्र छापणे, किंवा नायिकेचे डोके कापून दुसऱ्या जाहिरातीला जोडणे, ह्यांना हे कलम लागू पडू शकते.

आपल्या कायद्याने हा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. त्या हिशेबाने धुरंधरांची चित्रे आज सर्वांची आहेत. दलालांच्या चित्रांवरील हक्क, मग तो वारसांकडे असो वा प्रकाशकांकडे, २०३१ च्या अखेरीस संपेल आणि मुळगावकरांचा २०३६ च्या अखेरीस. तोवर ज्यांच्या माळ्यावर जुने अंक आहेत त्यांनी ते रद्दीवाल्यास देण्यापूर्वी मुखपृष्ठ एकदा उलटून, त्यातील सजावटीच्या श्रेयाची ओळ वाचून पाहावी. कित्येक चित्रांची मूळ प्रत उरलेली नाही. त्यांचे जे काही शिल्लक आहे ते ह्या पिवळ्या पडलेल्या पानांवरच आहे.