कॅटॅटोनिया
हालचाल, वाचा व इच्छाशक्ती यांत विलक्षण बिघाड घडविणारा एक मनोविकारी लक्षणसमूह. रुग्ण जागा असूनही निश्चल व मूक राहतो, अन्न नाकारतो. त्याचा हात उचलून सोडल्यास तो मेणाच्या पुतळ्याप्रमाणे तसाच राहतो. कधी दुसऱ्याच्या शब्दांची यांत्रिक पुनरावृत्ती, तर कधी निर्हेतुक प्रक्षोभ आढळतो.

कार्ल कालबाउम (१८२८–९९) या जर्मन मनोविकारतज्ञाने १८७४ मध्ये या विकाराचे स्वतंत्र रोग म्हणून वर्णन केले. एमील क्रेपेलीन याने मात्र १८९९ मध्ये त्याचा अंतर्भाव अकाली बुद्धिभ्रंशात केला व ऑइगेन ब्लॉइलर याने १९११ मध्ये तो छिन्नमानसाचा प्रकार मानला. त्यामुळे कॅटॅटोनिया म्हणजे छिन्नमानस, असे समीकरण दीर्घकाळ रूढ झाले. १९७० नंतरच्या संशोधनात ही लक्षणे उन्माद, अवसाद व शारीरिक व्याधी यांतही वारंवार आढळली. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणाने १९९४ मध्ये हे मान्य केले. २०१३ मध्ये छिन्नमानसाचा हा उपप्रकारच रद्द झाला. निदानासाठी आता बारांपैकी किमान तीन लक्षणे आवश्यक मानतात.

हा वाद केवळ नामकरणाचा नव्हता. छिन्नमानसावरील चित्तविकृतिरोधक औषधांनी काही रुग्णांची स्थिती अधिक बिघडते. उलट लोराझेपाम किंवा विद्युत् आघात उपचाराने अनेक रुग्ण लवकर सुधारतात. उपचाराअभावी निर्जलीभवन, रक्तवाहिनीतील गुठळ्या यांमुळे मृत्यूही ओढवतो. म्हणूनच अचूक निदानास येथे विशेष महत्त्व आहे.