पटोळ्याची उलट बाजू

रेशमाची पारख कशी करावी, हे आपल्याकडच्या बायकांना शिकवावे लागत नाही. पदर उलटून पाहिला की झाले! गुजरातेतल्या पाटणच्या पटोळ्यापुढे मात्र ही युक्ती चालत नाही. कारण त्याला उलट बाजूच नाही.

पटोळ्याची नक्षी कापडावर छापीत नाहीत. ताण्याचे उभे आणि बाण्याचे आडवे, असे दोन्ही रेशमी धागे विणण्यापूर्वीच मोजून, जागोजाग दोऱ्याने घट्ट बांधून, एकेका रंगात बुडवतात. मागावर रंगाला रंग भेटला, की पोपट, हत्ती, फुले उमटतात. धागा जरा सरकला तर विणकर सुईने तो जागेवर आणतो. एका साडीत सहासहा महिने जातात.

१२व्या शतकात सोळंकी राजा कुमारपालाने ७०० साळवी कुटुंबे पाटणला वसवली, अशी आख्यायिका आहे. ती आपल्या जालन्याकडची होती असेही सांगतात. पुढे १७व्या शतकात डच व्यापाऱ्यांनी पटोळी जावा बेटापर्यंत नेली. त्या बेटांवर ती पिढ्यान् पिढ्या घराण्याची ठेव म्हणून जपली गेली.

राजेरजवाडे नेसले, तरी मी पटोळ्याला लोककलाच म्हणतो. तिचे गणित बापाकडून मुलाकडे, घरातल्या घरात आले. राजाचे नाव राहिले. गाठी बांधणाऱ्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. आज पाटणमध्ये हे काम करणारी घरे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. कापड पेटीत टिकेल; ते गणित मात्र हातांतच टिकते.