ड्रिल मशीनचं बिट कसं बसवायचं आणि कसं बदलायचं? आधी प्लग, मग चावी

मोबाइलचं कव्हर शोधता शोधता सेलमध्ये ड्रिल मशीनचं किटही कार्टमध्ये टाकून मोकळे होणारे आपल्यात बरेच जण आहेत. पडद्याचा रॉड लावायचा, वायफाय राउटरसाठी भिंतीवर छोटं शेल्फ ठोकायचं, टीव्हीचं ब्रॅकेट बसवायचं, अशा कामासाठी माणूस बोलवायचा तर तो 'उद्या येतो' म्हणतो. त्यापेक्षा स्वतःचं मशीन बरं. बॉक्समध्ये मशीन, दहा-पंधरा बिटं, एक टी आकाराची चावी आणि बारीक अक्षरांचं मॅन्युअल असतं. ते मॅन्युअल कोणी उघडत नाही. मीही उघडलं नव्हतं.

त्याचं काय झालं ते आधी सांगतो. गणपतीच्या चार दिवस आधी गावी काकांकडे होतो. मखराच्या मागे लाकडी पट्ट्या लावायच्या होत्या, म्हणजे भिंतीत आठ भोकं. ट्रिगर दाबून दाबून बोट दुखायला लागलं, म्हणून मुठीच्या बाजूचं लॉक बटन दाबलं. हे बटन लावलं की ट्रिगर सोडला तरी मशीन चालूच राहतं. पाचव्या भोकाला मशीन बंद. लाइट गेली होती. म्हटलं, तोवर बिट बदलून घेऊ. मशीन मांडीवर घेतलं, मोबाइलचा टॉर्च लावला, चावी चकमध्ये घातली आणि लाइट आली. लॉक बटन तसंच होतं. चावी गरकन फिरली, तर्जनी तिच्याखाली सापडली आणि चावी उडून भिंतीवर आपटली. चार टाके पडले. त्या वर्षी आरतीला टाळ वाजवायला मी नव्हतो.

मशीनमध्ये काही बिघाड नव्हता. प्लग सॉकेटमध्ये होता, एवढंच. बिट बसवायची कृती खरं तर दोन मिनिटांची आहे, पण ती प्लग काढल्यावर सुरू होते. स्विच बंद केला, बोट ट्रिगरवर नाही, लाइटच गेलेली आहे, यातलं काहीही प्लग काढण्याच्या जागी चालत नाही. कॉर्डलेस मशीन असेल तर बॅटरी बाहेर काढायची. त्यात उलट-सुलट फिरवायचं जे बटन असतं ते मधोमध ठेवलं की ट्रिगर दाबला जात नाही. ती सोय चांगली आहे, पण बॅटरी काढणं जास्त खात्रीचं.

चक म्हणजे काय?

मशीनच्या तोंडाशी जो लोखंडी गोल भाग असतो, ज्यात बिट पकडलं जातं, तो चक. आत तीन जबडे असतात. बाहेरची रिंग फिरवली की तिन्ही जबडे एकदम पुढे सरकतात आणि मध्ये एकत्र येतात, त्यामुळे बिट आपोआप मधोमध पकडलं जातं. चावीवर घट्ट होणाऱ्या या तीन जबड्यांच्या चकचं पेटंट अमेरिकेत आर्थर जेकब्स यांनी १९०२ मध्ये घेतलं. पिस्तुलासारखी मूठ आणि ट्रिगर असलेल्या हातातल्या ड्रिलचं पेटंट ब्लॅक अँड डेकरला मिळालं ते १९१७ मध्ये. म्हणजे आपल्या किटमधली चावी ट्रिगरपेक्षाही जुनी आहे.

घरगुती मशीनवर मिनिटाला २८०० फेरे असं काहीसं लिहिलेलं असतं. त्याला ६० ने भागा. सेकंदाला जवळजवळ ४७ फेरे. चावी चकमध्ये राहिली आणि ट्रिगर दाबला गेला, तर हात मागे घ्यायला वेळ मिळेल असं समजू नका.

चकच्या बाजूवर बारीक आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ १.५-१३. याचा अर्थ हे चक १.५ मिमी ते १३ मिमी जाडीच्या दांड्याचं बिट पकडतं. छोट्या मशीनवर वरचा आकडा १० असतो. डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून फोटो काढा, स्पष्ट वाचता येतं. बिटाच्या दांड्यावरचा साइजही असाच वाचायचा. अंदाजाने '६ चं असेल' म्हणून ७ चं बिट लावलं की ६ चा प्लास्टिक प्लग भोकात गोल गोल फिरत राहतो आणि स्क्रू काही घट्ट होत नाही.

चावीच्या चकमध्ये बिट बसवताना

प्लग काढला? आता ट्रिगर एकदा दाबून सोडा. मशीन गप्प राहिलं म्हणजे खात्री झाली, आणि लॉक बटन चुकून लागलेलं असेल तर या एका दाबण्यात तेही सुटतं. मशीन मांडीवर न घेता टेबलावर किंवा जमिनीवर ठेवा.

चकच्या अंगावर तीन छोटी भोकं असतात. चावीचं टोक त्यातल्या एकात घाला, दाते रिंगच्या दात्यांत नीट बसू द्या आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. चक सैल झालं की पुढे रिंग हातानेच फिरते. जबडे बिटाच्या दांड्यापेक्षा जरासेच जास्त उघडा. सगळे सताड उघडले की बारीक बिट मध्ये न राहता दोन जबड्यांच्या फटीत जाऊन बसतं. नवख्या माणसाची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. बिट तिरकं बसतं, भोक मोठं पडतं आणि ३ मिमीचं बिट असेल तर कडकन तुटतं.

बिटाचा गुळगुळीत दांडा आत जातो, पीळ असलेला भाग बाहेर राहतो. जबड्यांनी पीळ पकडला तर पकड कच्ची राहते आणि बिटाच्या कडाही खराब होतात. दांडा आत टेकेपर्यंत घाला, मग एखादा मिलिमीटर मागे ओढा आणि रिंग हाताने आवळा. तीन जबडे तीन बाजूंनी दांड्याला टेकलेत का, ते समोरून पाहा.

आता चावी. घड्याळाच्या दिशेने घट्ट करा, पण एकाच भोकातून जोर लावून थांबू नका. दुसऱ्या भोकात घालून आवळा, मग तिसऱ्या. दुसऱ्या-तिसऱ्या भोकाला चावी अजून थोडी फिरते हे तुम्हालाच जाणवेल. तेवढी सैल पकड राहिली असती, तर भिंतीत बिट अडकल्यावर चक नुसतं दांड्यावर घसरत फिरलं असतं. घासून दांड्यावर चरे पडतात आणि मग ते बिट पुन्हा कधीच नीट बसत नाही.

चावी बाहेर काढा. हे वेगळं सांगतोय, कारण विसरायची जागा हीच.

विसरू नये म्हणून आमच्या गल्लीतल्या सुतारमामांनी जो उपाय सांगितला तो मला कुठल्याही मॅन्युअलपेक्षा आवडतो. चावी अडकवायला वायरवर एक रबरी पट्टी मिळते. आपण ती मशीनजवळ लावतो, चावी हाताशी राहावी म्हणून. मामा म्हणाले, तिला उचल आणि प्लगच्या शेजारी लाव. आता चावी चकपर्यंत आणायची तर प्लग सॉकेटमधून काढावाच लागतो. आणि चावी चकमध्ये असेल तर प्लग सॉकेटपर्यंत पोचत नाही. रबरी पट्टी नसेल तर जाड दोरीने बांधा, फक्त दोरी आखूड ठेवा. ही युक्ती एक्स्टेंशन बोर्डवर मात्र फसते. बोर्ड शेजारीच असेल तर चावी प्लग न काढताही पोचते. त्यामुळे बोर्ड चार पावलं लांब ठेवायची सवय मी लावून घेतली.

बिट बसवल्यावर प्लग लावा, बिटाचं टोक कुणाच्याही दिशेने नाही हे बघा आणि ट्रिगर हलकेच दाबून दोन-तीन सेकंद हवेत चालवा. बिट एका रेषेत फिरतंय की टोक गोल गोल नाचतंय? कळत नसेल तर मोबाइल दीड-दोन मीटरवर ठेवून स्लो मोशनमध्ये शूट करा. टोक नाचत असेल तर प्लग काढून पुन्हा बसवा. परत बसवूनही नाचत असेल तर बिट वाकलेलं आहे. ते सपाट काचेवर लोळवून पाहिलं की लगेच कळतं.

चावी नसलेलं चक

कॉर्डलेस मशीनवर बहुतेक हेच असतं. बिटाचं टोक आपल्याकडे करून पुढची रिंग घड्याळाच्या दिशेने फिरवली की घट्ट होतं, उलट फिरवली की सैल. काही चकना दोन रिंगा असतात, तेव्हा मागची एका हाताने धरून पुढची दुसऱ्या हाताने फिरवायची.

इथे एक वाईट सवय सगळीकडे पाहायला मिळते. रिंग हाताने घट्ट धरायची आणि ट्रिगर दाबायचा, मोटरच चक आवळते. रीलमध्ये फार स्टायलिश दिसतं. हात एकदा घसरला की तळव्याची साल निघते आणि बिट तिरकं असेल तर ते बोटांना लागतं. ज्यांचं रोजचं काम आहे त्यांनाही मी असं करताना पाहिलंय, तरी करू नका. हाताने आवळायला दहा सेकंद लागतात.

स्क्रू पिळायच्या बिटांचा दांडा षटकोनी असतो, ६.३५ मिमीचा. तो तीन जबड्यांत छान बसतो, कारण प्रत्येक जबड्याला एक सपाट बाजू मिळते. कडेवर जबडा टेकला असेल तर बिट जरा फिरवून घ्या.

एसडीएस वेगळं आहे

स्लॅब किंवा बीम फोडायला जे मोठं रोटरी हॅमर मशीन आणतात, त्याला चावीही नसते आणि जबडेही नसतात. त्याच्या बिटाच्या दांड्याला खाचा असतात. दांडा पुसून त्याला बोटभर ग्रीस लावायचं, आत घालून फिरवायचं, 'टक' आवाज आला की बसलं. ओढून खात्री करायची. बिट मागे-पुढे थोडं हलतं, ते तसंच हवं, कारण हॅमरचे ठोके त्या मोकळ्या जागेतच बसतात. मी पहिल्यांदा भाड्याने आणलं तेव्हा 'सैल आहे' म्हणून दुकानात परत घेऊन गेलो होतो. काढताना कॉलर मागे ओढायची. हे खाचांचं बिट साध्या तीन जबड्यांच्या चकमध्ये लावू नका. जबडे खाचांवर टेकतात आणि धड पकड बसत नाही.

कुठल्या कामाला कुठलं बिट हा मोठा विषय आहे, पण थोडक्यात: टोकाला बाणासारखा रुंद तुकडा दिसला तर ते भिंतीचं, मध्ये टाचणीसारखं अणकुचीदार टोक असेल तर लाकडाचं, साधं पिळाचं टोक म्हणजे बहुधा लोखंडाचं. हॅमरचं बटन फक्त भिंतीच्या बिटाबरोबर चालू करायचं. लोखंडाच्या बिटाने विटेत भोक पाडायला गेलात तर त्याची धार पहिल्याच भोकात जाते.

काम झाल्यावर बिट काढताना

आता प्लग काढलाच असेल. बिट लगेच बोटांनी धरू नका. काँक्रीटमध्ये दोन मिनिटं चाललेलं बिट चांगलंच तापतं, आणि धातूकडे बघून ते तापलंय हे कळत नाही. पाच मिनिटं थांबा किंवा जाड फडक्याने धरा. गार करायला पाण्यात बुडवू नका, भिंतीच्या बिटाच्या टोकाचा कठीण तुकडा अचानक गार झाला तर तडकू शकतो. एक लक्षात घ्या, फडकं किंवा हातमोजे फक्त प्लग काढल्यावर. मशीन चालू असताना कापडी हातमोजा, ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी, मोकळे केस यातलं काहीही चकजवळ नको. चष्मा मात्र हवा. साधा गॉगल चालत नाही, बाजूने बंद असलेला प्लास्टिकचा चष्मा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

बिट भिंतीतच अडकलं तर? ट्रिगर सोडा. तसंच दाबून धरलं तर बिट थांबतं आणि मशीन फिरायला बघतं, मनगट त्याच्याबरोबर जातं. बाजूचं हँडल बॉक्समध्ये का दिलंय ते तेव्हा समजतं. दिशेचं बटन मोटर पूर्ण थांबल्यावरच उलट करा आणि दोन्ही हातांनी धरून हळूहळू बाहेर घ्या. तरीही निघत नसेल तर प्लग काढा, चक सैल करून मशीन बाजूला घ्या आणि बिटाचा दांडा पकडीत धरून पीळ सुटेल त्या दिशेने, म्हणजे घड्याळाच्या उलट, फिरवत बाहेर काढा. हातोडीने आडवं ठोकलं की बिट मोडतं आणि अर्धं भिंतीतच राहतं. आमच्या हॉलमध्ये कॅलेंडरच्या मागे असा एक तुकडा अजून आहे.